बाबांच्या वाटणीचा मोले

२९ ऑक्टोबर

मृतांच्या सणासाठी झेंडू आला. दुपारभर पाकळ्या खुडून बोटे पिवळी झाली. वेदीवर आजोबा, थोरली आत्या आणि तान्हेपणीच गेलेला तिचा मुलगा, असे फोटो मांडून झाले. मग आजीने कपाटातून बाबांचा फोटो आणला!

आई चुलीपाशी होती. ओल्या हातांनी तशीच धावत आली.

"सासूबाई, तो मेलेला नाही."

"मग कुठे आहे? ट्रक घेऊन उत्तरेला गेला, आता तिसरा नाताळ येईल. ना फोन, ना निरोप."

"मृतांच्या पंगतीत जिवंत माणूस बसवायचा नसतो!"

"आणि मेलेल्याला बोलावलंच नाही तर तो दारोदार भटकतो, त्याचं काय? अगं लिओनिला, माझा मुलगा आहे तो."

दोघींचेही म्हणणे मला पटते — हीच अडचण. फोटो परत कपाटात गेला.

३० ऑक्टोबर

सकाळी फोटो वेदीवर. दुपारी कपाटात. संध्याकाळी पुन्हा वेदीवर. थकले.

३१ ऑक्टोबर

शेजारच्या तेक्लाबाई सणाचा पाव घेऊन आल्या. वेदी न्याहाळत म्हणाल्या, "नवऱ्याचा फोटो दिसत नाही तो? दुसरा शोधलास की काय गं?"

आई हसली नाही. मी काहीतरी बोलायला हवे होते. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला स्वतःच्या घरात एक वाक्य सुचू नये!

१ नोव्हेंबर

अखेर तोड मीच काढली. फोटो नको. बाबांच्या आवडीचा मोले, म्हणजे मिरच्या-कोकोचा दाट रस्सा, करावा आणि त्याची एक थाळी, कोणाचेही नाव न घेता, वेदीवर ठेवावी.

"थाळीला तोंड नसतं. ती हाक कशी मारणार?" आजी पुटपुटली, पण मानले.

मिरच्या आईनेच भाजल्या, कोको तिनेच वाटला. घरभर ठसका. डोळ्यांतले पाणी मिरचीचे आहे, असे तिने दोनदा सांगितले. मी विचारलेही नव्हते.

२ नोव्हेंबर

दफनभूमीत जाऊन कबरी धुतल्या. आजोबांच्या कबरीपाशी बसून आजी त्यांना टोमॅटोच्या भावाबद्दल कुरकुर ऐकवत होती. आई घरीच राहिली. "मी कोणाच्या उशाशी बसू?" एवढेच म्हणाली.

३ नोव्हेंबर

वेदी उतरवली. आमच्याकडे असे मानतात, की घरी आलेला जीव अन्नातला कस घेऊन जातो. मागे उरते ते बेचव. आजीने ती थाळी आईपुढे सरकवली.

आईने घास घेतला. बराच वेळ चावत राहिली.

"मीठ आहे, तिखट आहे, सगळं जागच्या जागी! आला नाही तो, सासूबाई. जिवंत आहे!" किती दिवसांनी हसली! मग थाळी माझ्याकडे वळवली. "तू खोटं बोलत नाहीस. तू सांग."

मी घास घेतला. पुन्हा एक घेतला.

"हो आई, अगदी झणझणीत आहे."

जिभेला काहीच लागले नव्हते.