चौदा किलो दोनशे ग्रॅम

४ नोव्हेंबर, सोमवार

निर्णय झाला. गाडीची बॅटरी बदलायची. लिथियम बसवायची.

जुनी शिशाची बॅटरी १९.४ किलो. लिथियम ५.२ किलो. फरक १४.२ किलो. कुरियरच्या डिस्पॅचमध्ये बावीस वर्षं पार्सलं तोलतोय, तेव्हा वजन या विषयात मला कोणी शिकवू नये. चौदा किलो दोनशे ग्रॅम म्हणजे नाक हलकं, स्टिअरिंग हलकं, पेट्रोल कमी. व्हिडिओतला माणूस म्हणतो, गाडी जिवंत झाल्यासारखी वाटते. तो एका हाताने बॅटरी उचलून दाखवतो आणि दुसऱ्या हातात कॉफीचा मग असतो.

हिला सांगितलं. ती म्हणाली, चौदा किलो कमी करायचेच असतील तर पोटावरून करावेत, त्याला पाना लागत नाही. विनोद समजून सोडून दिलं. माझं वजन ड्रायव्हरच्या बाजूला असतं, ते बॅलन्ससाठी लागतं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बाबांना डायलिसिसला सोडलं. मंगळ, गुरु, शनि, साडेसातला मशीन. दोन वर्षं एकदाही उशीर नाही. हे सगळं माझ्या गाडीमुळे, पण घरात बोलून कोणी दाखवत नाही.

तिथून मेकॅनिककडे. हा माणूस म्हणजे शंकासुर. म्हणाला, तुमच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, नव्या बॅटरीची त्याला ओळख करून द्यावी लागते. लिथियम थंडीत सुस्तावते, साठाही कमी असतो. बसवायचीच असेल तर माझ्याकडून बसवा, आणि गाडीवर कोणाचं अडत असेल तर बसवू नका.

त्याच्याकडून बसवणार नाही. गाढवाला गुळाची चव काय.

बाबांनाही विचारलं, उगाच वाईट वाटायला नको म्हणून. ते म्हणाले, चालू आहे ना, मग उघडू नये. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. बॅटरी म्हणजे त्यांना शर्टाच्या बटणाएवढी माहीत.

१० नोव्हेंबर, रविवार

स्वतः बसवली. एकूण वेळ तीन तास दहा मिनिटं. व्हिडिओत अकरा मिनिटं लागतात, पण तो कट करतो.

किरकोळ गोष्टी: पाना हातातून निसटून दोन टर्मिनलांवर आडवा पडला, ठिणगी उडाली, भुवई थोडी गेली. डावी. रेडिओ कोड मागतोय. काचा आपोआप वर जायच्या बंद झाल्या. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा आहे, तो माहितीपर असावा.

पण सुरू कशी झाली! पहिल्याच सेल्फला. कॉलनीला चार चकरा मारल्या. पिसासारखी चालते.

जुनी बॅटरी महिनाभर जिन्याखाली ठेवावी असं हिचं म्हणणं होतं. मी लगेच भंगारवाल्याला देऊन टाकली. परतीचा रस्ता ठेवला की माणूस मनापासून पुढे जात नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट लक्षात आली आणि हादरलो. डिकीत बाबांची व्हीलचेअर असते. ऑफिसच्या काट्यावर तोलली: १७.६ किलो. म्हणजे मी पुढून चौदा काढतो आणि मागे साडेसतरा घालून फिरतो. हिशोबच पाण्यात.

व्हीलचेअर माळ्यावर टाकली. हॉस्पिटलात व्हीलचेअरी असतात, हॉस्पिटलच आहे ते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हॉस्पिटलात व्हीलचेअर मिळायला पस्तीस मिनिटं लागली. बाबा दारातल्या बाकावर बसून होते. मशीन उशिरा लागलं आणि पुढचा पेशंट असल्यामुळे वेळेवर काढलं. अर्धा तास कमी झाला. कमी वेळ, कमी त्रास. बाबांना तसं म्हणालो. ते हो म्हणाले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

डायलिसिसच्या आधी आणि नंतर पेशंटला तोलतात. अंगातलं साठलेलं पाणी किती निघालं ते त्यावरून कळतं. दोन वर्षं मी बाहेर बसून मोबाइल बघत होतो, आज पहिल्यांदा आत जाऊन आकडे बघितले. आधी ५८.३, नंतर ५५.९. म्हणजे येताना गाडी जाण्यापेक्षा २.४ किलो हलकी असते.

नर्सला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला विषयात गोडी वाटली असावी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

थंडी पडली. सकाळी सेल्फ मारला, गाडीने नुसतं खाकरून दाखवलं.

घाबरलो नाही. बॅटरीच्या पुस्तिकेत दिलंय: थंडीत आधी हेडलाइट लावून ठेवा, काम केल्याने बॅटरी आतून गरम होते, मग सुरू करा. बारा मिनिटं लावले. झाली सुरू. याला म्हणतात तंत्र.

नवीन वेळापत्रक: बाबांनी पावणेसातऐवजी सव्वासहाला गाडीत बसायचं. मी लाइट लावणार, मिरर तपासणार, त्यांच्या हालचालीत वेळ जायला नको. हीटर लावायचा नाही, लोड येतो. बाबांनी विचारलं की आपण कशासाठी थांबलोय. बॅटरी गरम होतेय म्हणालो. त्यांनी हात बगलेत घातले. ही घरातून रजई घेऊन आली आणि माझ्याशी न बोलता त्यांच्या पायांवर टाकून गेली. रजई १.९ किलो. घरी आल्यावर तोलली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बेचाळीस मिनिटं लाइट. सुरू झाली. उशीर फक्त बारा मिनिटं.

आता शास्त्रशुद्ध लक्ष ठेवायचं ठरवलं. गाडीचं मोबाइल ॲप आहे, त्यात बॅटरीचा व्होल्ट दिसतो. जेवताना, मीटिंगमध्ये, दर दहा मिनिटांनी बघतो. १३.२. १३.२. १३.१. आकडा कमी झाला की लगेच पुन्हा बघतो. ही म्हणाली, बाबांच्या पायाला सूज आहे ती बघितलीस का. बघणार होतो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बॅटरीला विश्रांती म्हणून शनिवार दुपारपासून गाडी हलवली नाही. ऑफिसला सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. तो म्हणाला, स्कूटर एका बाजूला ओढतेय.

व्होल्ट १२.९. १२.८. विश्रांती घेऊनसुद्धा उतरतोय. लक्ष आणखी वाढवलं, आता दर पाच मिनिटांनी.

संकल्प: उद्या वेळेआधी पोचायचं आणि त्या नर्सला दाखवून द्यायचं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सव्वासहाला बाबांना घेऊन खाली. बटण दाबलं, गाडी उघडेना. दिवा नाही, आवाज नाही. ॲप म्हणतं, गाडी सापडत नाही. गाडी माझ्यासमोर उभी होती.

किल्लीच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली लपवलेली असते. ती काढताना नख गेलं. ही टॅक्सी बोलवत होती, मी नको म्हणालो. दारात गाडी असताना टॅक्सी म्हणजे हार मानणं. बाबा सोसायटीच्या कठड्यावर टेकून उभे होते. खुर्ची आणणार होतो, पण तेवढ्यात दार उघडलं.

बॅटरीने स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःच वीज तोडली होती. किती हुशार वस्तू आहे. तिच्यावर एक बटण असतं, ते दाबलं की राखीव साठा मिळतो. दाबलं. सेल्फ मारला. सुरू.

मी हिच्याकडे बघितलं. तिने मान फिरवली. म्हणून बंद करून पुन्हा सुरू करून दाखवायला गेलो.

राखीव साठा एकदाच मिळतो. ते पुढच्या पानावर आहे.

साडेनऊला डायलिसिसवाल्यांचा फोन आला, जागा दुसऱ्या पेशंटला दिली. संध्याकाळी सहाला या म्हणाले. पण चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरायला उद्या सकाळ होणार, म्हणून त्यांना कळवलं की गुरुवारीच येतो. नेहमीचा वार, घोळ नको. हिला सांगितलं की संध्याकाळी जागाच नव्हती. तिला बारीक तपशील सांगून काय उपयोग.

बाबा म्हणाले, हरकत नाही, मी पाणी पीत नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बाबा आडवे झाले की त्यांना श्वास लागतो. खुर्चीतच बसून होते. मी उशा आणून दिल्या. बॅटरी पूर्ण भरली, १३.४. बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दुपारी मी ऑफिसात असताना हिने ॲम्ब्युलन्स बोलावली. ओठ निळे पडले होते म्हणे. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मशीन लागलेलं होतं, तोंडावर ऑक्सिजन. वजन ६१.८. फुप्फुसात पाणी.

डॉक्टरांनी विचारलं की मंगळवारी संध्याकाळची जागा कोणी नाकारली. मी म्हणालो, कम्युनिकेशन गॅप. डॉक्टरांनी फाइल उघडली. नर्सने वेळ आणि माझा नंबर दोन्ही लिहून ठेवलं होतं. ही शेजारी उभी होती.

ॲम्ब्युलन्स पहिल्या सेल्फला सुरू होते. पण तिला बॅटऱ्या दोन असतात, ती तुलना बरोबर नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

बाबांना आज सोडलं. ताई आली होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शाळेत प्रयोगशाळा सांभाळते, गाडी चालवत नाही. मी म्हणालो, गाडी एकदम ठीक आहे, सोडतो घरी. ती बाबांच्या चपला सरळ करत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा आता माझ्याकडे राहतील. तू गाडी सांभाळ."

मला वाटलं बाबा काही बोलतील. ते बटणं लावत होते. घड्याळवाल्याची बोटं, एरवी भरभर चालतात. आज एका बटणाला खूप वेळ लागला. मी लावून देतो म्हणालो. "राहू दे," म्हणाले.

ही त्यांचे कपडे द्यायला ताईकडे गेली आहे. दोन दिवस राहीन म्हणाली.

३ डिसेंबर, मंगळवार

शंकासुराकडे गेलो. त्याने कॉम्प्युटर जोडला, बराच वेळ बघत बसला. बॅटरी उत्तम आहे म्हणाला. मी म्हणालो, मी तेच सगळ्यांना सांगत होतो.

मग त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. उभी गाडी झोपलेली असते, ॲप उघडलं की उत्तर द्यायला जागी होते, आणि दर वेळी वीज खाते. शनिवार दुपार ते मंगळवार सकाळ, तीनशे बारा वेळा.

"साहेब, बॅटरी गेली नव्हती," तो म्हणाला. "तुम्ही तिला झोपू दिलं नाही."

ॲप बनवणाऱ्या कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे.

त्याने गाडीला बॅटरीची ओळख करून दिली. पिवळा दिवा गेला. वीस मिनिटांचं काम. मी सांगितलं नव्हतं का, छोटीशी गोष्ट आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

बाबांना फोन केला. ताईने घेतला. बाबा झोपलेत म्हणाली. मागे त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. झोपेत खोकतात माणसं.

ही अजून ताईकडेच आहे. दोन दिवस म्हणाली होती, आज सहावा. तिथून तिला ऑफिस जवळ पडतं.

संकल्प: ॲप काढून टाकलं. शनिवारी थेट डायलिसिसलाच जाऊन बाबांना आणायचं. गाडीत बसले की राग उतरेल.

७ डिसेंबर, शनिवार

कडाक्याची थंडी. एकाच सेल्फला सुरू झाली. लाइट लावावे लागले नाहीत. अकराला हॉस्पिटल.

बाबा मशीनवर, ताई शेजारी पेपर वाचून दाखवत होती. बाबांचे गाल जरा भरलेत. मी पलंगाच्या पायाशी उभा राहिलो आणि म्हणालो की गाडी खाली तयार आहे. नर्स नवीन होती. माझ्या हातातली किल्ली बघून म्हणाली, "इथे पेशंटजवळ एकालाच परवानगी आहे. ड्रायव्हरने खाली थांबायचं."

ताईने बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, नीट, चांगली दोन-तीन मिनिटं वाटावीत इतका वेळ. मग डोळे मिटले. मशीनवर त्यांना गुंगी येते.

नर्स थांबली होती. मी खाली गेलो.

इंजिन बंद केलं नाही. हीटर लावून ठेवला, मागची सीट गरम झाली. बारा वाजले. एक. दीडला वॉचमन काचेवर टकटक करून म्हणाला, गाडी हलवा. मी म्हणालो, डायलिसिसचे पेशंट यायचेत. तो म्हणाला, ते सगळे केव्हाच गेले, बसस्टॉप मागच्या गेटला आहे.

कोणती बस, असं विचारलं. त्याला माहीत नव्हतं.