बाबांची कोरी प्रश्नावली

पुणे

ती. कृष्णाताईस जनार्दनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे. मेसचं जेवण आता सोसतं. मानसशास्त्राच्या वर्गाचा शोधनिबंध पुरा झाला. समास, तक्ते, संदर्भ सगळं नियमाप्रमाणे.

आपल्या खाडीकडचं मिठागर बुडाल्यावर गप्प झालेल्या सोळा जणांवर तो लिहिला, खरं तर बाबांसाठीच. पण त्यांनी प्रश्नावली कोरीच परत दिली होती ना. या वयात शिकायला आलो म्हणून मॅडम मला काकाच म्हणतात. त्या म्हणाल्या, "काका, उत्तर न देणाऱ्याला वगळावंच लागतं." काल मी बाबांना वगळलं. निबंध नियमात बसला. तेव्हापासून एकवीरेच्या फोटोपुढे बसवत नाही.

इथे शिकून त्यांना बोलतं करीन, असं वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्यांना हे सांगू नकोस. या आठवड्यात ते एखादा शब्द तरी बोलले का?

तुझा धाकटा,
जनार्दन