उरलेले तास

११ ऑगस्ट १९९९, बुधवार

आज जीवच गेला माझा! फोडणी करत होते आणि पुढच्या खोलीत मोडेमची किंकाळी. घरात मी एकटी. लाटणं घेऊन धावले — कॉम्प्युटरनं आपणहून फोन लावलेला! पडद्यावर पट्टी इंचाइंचानं सरकतेय. अँटीव्हायरसचं अपडेट.

श्रीरंगनं जाण्याआधी लावून ठेवलंय. ‘दोन हजार साल तोंडावर आलंय, शुभदा. अपडेट बंद करायचं नाही. मशीनही चालूच ठेव.’ स्वतः गेला तुर्कस्तानात, तिथल्या कारखान्यातली मशिनं दोन हजार सालासाठी तयार करायला. आणि घरचं हे भूत माझ्या गळ्यात! इंटरनेटचे तास मोजके मिळतात. मी मेलपुरतीच बसते. बाकीचे सगळे हे खातंय.

१३ ऑगस्ट

शहराबाहेरच्या येलहंक्याहून कस्तुराअक्कांचा फोन. ‘कधी लावलं तरी तुझा फोन एंगेजच की गं!’ काय सांगणार? कॉम्प्युटर बोलत होता म्हणून?

त्यांचा मुलगा जयतीर्थ आणि श्रीरंग एकाच कामावर, एकाच गेस्ट हाऊसमध्ये. तिथे दोघांत मिळून मेलचा एकच पत्ता. अक्कांकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून जयतीर्थचं मी फोनवर वाचून दाखवते. ‘जेवण बरं आहे’ एवढंच होतं. दोनदा वाचायला लावलं.

१७ ऑगस्ट, मंगळवार

टीव्हीवर तुर्कस्तान. भूकंप. इमारती पत्त्यांसारख्या बसल्यात. इझमित म्हणाले.

इझमितलाच आहेत दोघं.

१८ ऑगस्ट

फोन लागत नाही. दिवसभर ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं’. श्रीरंगच्या ऑफिसातले मोहनकुमार म्हणतात, ‘कोशिश चालू है मॅडम, लिस्ट आने दीजिए.’ कसली लिस्ट? विचारायचं धाडस झालं नाही.

मेल उघडायला बसले. लाइन जोडली गेली आणि लगेच ती पट्टी! माझं पान कोरंच. अपडेट थांबवायला गेले तर चौकट आली — मधेच थांबवलंत तर मशीन बिघडू शकतं. हात मागे घेतला. मशीनच गेलं तर मेल कुठून बघू? बसून राहिले पट्टीकडे बघत. मग दुसरंच मनात आलं — आत्ता, या क्षणाला तो तिकडून फोन लावत असेल आणि त्याला एंगेज मिळत असेल तर? वायर उपटली. फोनजवळ बसले. फोन गप्प. पुन्हा वायर लावली, पुन्हा पट्टी पहिल्यापासून. असं किती वेळा केलं, देव जाणे.

संध्याकाळी बघितलं तर एक तासही उरलेला नाही. इंटरनेटच्या ऑफिसात नवे तास मागायला गेले. ‘सोमवारी या.’ काउंटरवरच्या बाईला सगळं सांगितलं. तिचेही डोळे भरले, पण सोमवारीच.

१९ ऑगस्ट

अक्का आल्या. दोन बस बदलून, एकट्या. हातात पिशवी, पिशवीत जयतीर्थचा स्वेटर. ‘आला तर थंडी वाजेल त्याला.’

त्यांना फोनजवळ बसवून सायबर कॅफेत जाऊन आले. काहीच नाही. परत येते तर अक्का रिसीव्हर उचलून कानाला लावून बघताहेत. ‘चालू आहे का नाही, स्वल्प बघत होते.’ मी ओरडले त्यांच्यावर! उचलून ठेवला तर येणारा फोन लागेल का? त्या लहान मुलीसारख्या दचकल्या. मग मीच रडले.

दोघींनी ताकभात घेतला.

२० ऑगस्ट

सकाळी कॅफेत काही नाही. संध्याकाळी पुन्हा गेले तर त्या गल्लीत करंट नाही. धावत घरी. उरलेली मिनिटं वापरायची ठरवलं. लाइन जोडली — पट्टी आलीच! या वेळी दाबलं ‘कॅन्सल’. बिघड म्हटलं, बिघडायचं तर! पट्टी गेली. पान यायला लागलं. एक नवी मेल, त्यांच्या पत्त्यावरून! इंग्रजी अक्षरांत मराठी, घाईघाईत —

मी सुखरूप आहे काळजी करू नका जयतीर्थ

आणि थांबलं. तास संपले. लाइन तुटली.

आहे! श्रीरंग आहे! मी किंचाळलेच. अक्कांच्या गळ्यात पडले. त्यांनी मला घट्ट धरलं, मग हळूच विचारलं, ‘आणि आमचा?’

वाचून दाखवलं. ‘जयतीर्थ’ म्हणून पुढं तुटलंय, अक्का. ‘नका’ लिहिलंय, म्हणजे तुम्हालाही धरून सांगतोय. वाईट असतं तर असं लिहिलं असतं का? — मला माझंच खरं वाटेना. त्यांनाही नाही. पण उठल्या, साखर आणून माझ्या तोंडात घातली. ‘तुझा तरी राखला गं देवानं.’ हसल्या सुद्धा! मग म्हणाल्या, घरी जाते, देवापुढं दिवा नाही लावला. थांबा म्हटलं, ऐकेनात. रिक्षात बसवून दिलं.

उद्या कॅफे उघडला की पुढचं वाचायचं. भीती वाटते. आणि लाज. अक्का तशा निघून गेल्या, तरी मला आत कुठंतरी गाणं म्हणावंसं वाटत होतं.

२१ ऑगस्ट, शनिवार

चप्पल घालत होते तेवढ्यात फोन वाजला. खरखर, लांबचा. ‘वहिनी, मी जयतीर्थ. मेल मिळाली ना? आईला सांगितलंत?’

मेल त्याची होती. ते त्याचं नाव होतं, खाली घातलेलं. श्रीरंगबद्दलचं त्या नावाच्या पुढे लिहिलं होतं, ते माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. अजून सापडलेला नाही. शोधताहेत.

येलहंक्याला फोन लावायला बसले आहे. अक्का पहिल्या रिंगलाच उचलतील. चांगली बातमी आहे त्यांना. माझ्यानं नंबर फिरवला जात नाही.