दिवसाला दहा प्रश्न

३ जुलै, सोमवार

संपलं! म्हणजे, संपवायचं ठरलंय. ग्रंथपालांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं — पुढच्या सोमवारपासून कॉलेजची मुलं घरबसल्या चॅटवर प्रश्न विचारणार आणि लायब्ररी तिथल्या तिथे उत्तर देणार. महिनाभर चाचणी. दिवसाला सरासरी दहा प्रश्न आले तर सेवा कायम, आणि माझं संदर्भाचं टेबल काढून तिथे सोफे. नाही आले तर चाचणी आणखी सहा महिने, टेबल जिथल्या तिथे.

सोफे! बावीस वर्षं त्या टेबलापाशी बसून मुलांना हवं ते शोधून देतेय मी. विचारलं, "आणि मी?" तर म्हणतात, "तुमचं बघू कुठेतरी." मी काय जुनं कपाट आहे, कुठेतरी बघायला?

५ जुलै

चॅट उभं करायला एक बाई आणलीय, कंत्राटावर. तिशी उलटलेली असेल. दिवसभर कीबोर्ड बडवते म्हणून मी नाव ठेवलंय टकटक. आल्या आल्या माझ्यासमोर खुर्ची ओढून, "मॅडम, मुलं नेहमी काय विचारतात त्याची यादी द्याल? तयार उत्तरं भरून ठेवते."

तयार उत्तरं म्हणे! शिवलेले सदरे आहेत का, अंगात घातले की झालं? वेळ नाही म्हटलं. वेळ होता.

१० जुलै

पहिला दिवस. दोन प्रश्न. दोन्ही — "लायब्ररी किती वाजता बंद होते?" हसून हसून पोट दुखलं.

१२ जुलै

आज एक उद्योग केला. टेबलावर कुणी नव्हतं. माझ्याच कॉम्प्युटरवर चॅट उघडलं आणि लिहिलं — दुसरं वर्ष, अर्थशास्त्र, बेरोजगारीवर पुस्तक हवंय. उत्तरं द्यायला टकटक पलीकडच्या खोलीत. दोन मिनिटांत चौदा पुस्तकांची यादी येऊन आदळली! अगं बाई, पोरगं पुस्तक मागतं तेव्हा त्याला पुस्तक नको असतं. त्याला हवा असतो कुठल्यातरी सालचा एक आकडा. आधी गोड बोलून ते काढून घ्यायचं, मग खुर्चीवरून उठायचं. पहिल्या महिन्यात शिकतो हे आम्ही!

उत्तर छापून फाइलीत लावलं. असली उत्तरं जमवून महिन्याच्या शेवटी लायब्ररीच्या समितीपुढे आपटणार.

त्यांच्या दहाच्या आकड्याची मला काळजी नाही. आमच्या वहीत माणसं मोजतात. एकाच पोराने दिवसात दहादा डोकं खाल्लं तरी रेघ एकच. चॅटचंही तसंच असणार.

१७ जुलै

आज आठ विचारले, वेगवेगळ्या वेळी. फाइल बाळसं धरतेय.

२१ जुलै

आज तिने मलाच उलट विचारलं! "हे नेमकं कशासाठी हवंय? निबंध लिहायचाय की वर्गात बोलायचंय?" माझं वाक्य आहे ते! कुणी शिकवलं हिला? संताप संताप झाला नुसता. मुद्दाम मोघम लिहीत राहिले, तरी पठ्ठीने तीन प्रश्नांत माझ्याकडून सगळं काढून घेतलं. उत्तर अगदी बरोबर. फाइलीत लावायला काही नाही.

२५ जुलै

जेवताना हे म्हणाले, "दिवसभर तिच्याशी बोलतेस, आणि आमच्या वाट्याला हं आणि हुं."

"बोलत नाही. पाडतेय तिला."

"मग, पडली?"

गप्प जेवा म्हटलं.

११ ऑगस्ट

समिती. फाइल घेऊन गेले, ती उघडायची वेळच आली नाही. ग्रंथपालांनी भिंतीवर आलेख दाखवला. "रोज सरासरी अकरा प्रश्न!" टाळ्या वाजल्या. मी विचारलं, "पण माणसं किती?"

"बाई, हे माणसं मोजत नाही. चॅट उघडलं की एक."

अकरा. त्यातले सात-आठ रोज माझे! अगदी ओठांवर आलं होतं — साहेब, ही सगळी मीच आहे. पण खोटे प्रश्न घातले म्हणून चौकशी बसली असती. स्वतःचं टेबल स्वतः उठवलं मी. मूर्ख! मूर्ख!

१४ ऑगस्ट

टेबल नेलं. दारात एक पाय अडकला, दोघे शिपाई घामाघूम झाले. मला बरं वाटलं.

दुपारी ग्रंथपाल म्हणाले, आता चॅट तुम्हीच सांभाळायचं. मग टकटक? हेडक्लार्कने फाइलीतून मान वर न करता सांगितलं, "तिचं कंत्राट चाचणीपुरतं होतं. चाचणी लांबली असती तर तीही राहिली असती आणखी सहा महिने."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढ्या दिवसांत एकदाही नाही.

१७ ऑगस्ट

टकटक पासवर्ड द्यायला आली होती. मला खुर्चीत बसवलं, एकेक दाखवत गेली. प्रत्येक प्रश्नाशेजारी तो कुठल्या कॉम्प्युटरवरून आला ते येतं. महिनाभर खालपर्यंत — संदर्भ टेबल, संदर्भ टेबल, संदर्भ टेबल.

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस? नोकरी राहिली असती की तुझी!"

"आणि तुमची गेली असती, मॅडम," म्हणाली, आणि पुढचं बटण दाखवायला लागली.