पितळी कॉक

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप साळूअक्का,

तुझ्या पायावर डोकं ठेवून लिहायला घेतो.

इकडे बरं आहे. गुडघा आता कुरकुर न करता जिना चढतो. नळाला काल सातव्या दिवशी पाणी आलं, टाकी भरून घेतली. श्रेयाचा पुण्याहून रोज फोन येतो. बाप कसा आहे हे सोडून ती पहिलं आत्याचं विचारते आणि मी विषय बदलतो. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाटीवर अक्षर काढायला मला तूच शिकवलंस, तेव्हा वाचायला अडचण येणार नाही.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक सोपी, एक अवघड. सोपी आधी सांगतो. माझ्या माशांच्या पेटीतलं जे मेलं, ते तुझ्या भाकरीनं मेलं नाही.

शेंद्र्याच्या कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा बापाला उद्योग हवा म्हणून श्रेयानं ही खाऱ्या पाण्याची पेटी दिली. तू पहिल्यांदा बघितलीस तेव्हा म्हणालीस, "मिठाच्या पाण्यात मासे? जित्ते हायेत का खारवल्याले?" मी दोन दिवस हसत होतो. तर पेटी आली, पण पाणी गाळायचा फिल्टर तिच्यात नव्हता. माशांचा दुकानदार अजिनाथ, त्यानं तीन तऱ्हा दाखवल्या. एक काचेच्या काठावर अडकवायचा, एक पेटीखाली ठेवायचा डबा, आणि एक पाण्याचा फेस करून घाण वर काढणारा. तो म्हणाला, "काका, चार बादल्यांची तर पेटी. काठावरचा न्या, बास होतो."

आता मी तेहतीस वर्षं फिटर होतो. प्लास्टिकच्या खोक्याला कोणी माझ्यासमोर फिल्टर म्हणावं? घरी आलो, कूलरचा पंप काढला, बरणीत स्पंज आणि पोवळ्याचे तुकडे भरले, नळ्या जोडल्या. आणि पाणी कमी-जास्त करायला माझ्या पेटाऱ्यातला पितळी कॉक बसवला. चिंचेनं घासून असा चमकवला की येणाऱ्याजाणाऱ्याला मासे सोडून आधी तोच दाखवायचो. अजिनाथनं विचारलं होतं, "काका, धातूचं काही नाही ना लावलं?" मी छे म्हणालो. इतका शहाणा मी.

मग ऑगस्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू पिशोरहून आलीस. माझं हागणं-मुतणं काढलंस, हे इथे लिहायलाच हवं. आठव्या दिवशी पेटीतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या दोन्ही कोळंब्या उताण्या पडल्या. संध्याकाळपर्यंत गोगलगायी गेल्या. मी विचारलं तर तू सरळ सांगितलंस, "व्हय, दोन येळा चुरा टाकला भाकरीचा. उपाशी दिसत व्हते." मग मी बोललो. मग तू पिशवी भरलीस आणि दुपारच्या कन्नडच्या गाडीनं गेलीस. मला वॉकर धरून दारापर्यंतही येता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. येता आलं असतं.

शेजाऱ्याच्या हाती मी पेटीतलं पाणी बाटलीत घालून अजिनाथकडे पाठवलं. त्यानं त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघितला आणि स्वतःच घरी आला. "भाकरीनं पाणी नासलं असतं तर मासे पण दमले असते," तो म्हणाला. "ते तर मजेत आहेत. नुसत्या कोळंब्या अन् गोगलगायी गेल्या, म्हणजे पाण्यात तांबं आहे." त्यानं कॉक उघडून दाखवला. आतून हिरवागार. पितळेत तांबं असतं आणि मिठाच्या पाण्यात पितळ सुटतं, हे जन्मभर मी नव्या पोरांना शिकवलं.

अक्का, हे मला तू गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं. आज पन्नासावा दिवस आहे.

मधल्या काळात मी स्वतःला थापा मारल्या. नवा फिल्टर बसू दे, मग कळवू. पाणी स्वच्छ होऊ दे, मग कळवू. अजिनाथनं सांगितलेला काठावरचाच आणला. त्यात स्पंज आहे, कोळसा आहे, मातीच्या कड्या आहेत, आवाज अजिबात नाही. तांबं मुरतं म्हणून दगड आणि वाळूही बदलली. मग तीन आठवड्यांपूर्वी एक नवी कोळंबी सोडली. परवा सकाळी बघतो तर ती तळाशी पांढरी पडलेली, पाय वर. मनात आलं, आता अक्काला काय तोंडानं लिहू? हातात जाळी घेऊन उचलायला गेलो, तर दगडामागून कोळंबी मिशा हलवत बाहेर आली. खाली पडलेली तिची कात होती. अंग वाढलं की ती कात टाकते म्हणे. मी म्हातारा माणूस एकटाच घरात मोठ्यानं हसलो आणि मग रडलो. रडून झाल्यावर कागद काढला.

आता अवघड गोष्ट. मी तुला म्हणालो, "तुझ्या हातात काही जगतच नाही." ते बोलताना तुझा कडुबा माझ्या मनात नव्हता, असं लिहिणार होतो. खोटं लिहिलं असतं. होता. माणूस चिडला की जिथे जास्त लागेल तिथेच मारतो. दोन वर्षांचं तुझं लेकरू तापानं गेलं, त्यात तुझा काय दोष होता? आणि त्याच वर्षी आपली आई गेली, तेव्हा माझं तोंड कोणी धुतलं, मला भाकरी कोणी भरवली? माझं चुकलं. पेटीबद्दल चुकलं, आणि त्या वाक्याबद्दल त्याहून जास्त. हे लिहिलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. तुझा उतरेल की नाही ते मला माहीत नाही.

उत्तर नाही दिलंस तरी मी समजून घेईन. रागावलीस तर रागाव, पण फोनवर रागाव.

तुझा अपराधी धाकटा,
अंगद


पिशोर
१९ ऑक्टोबर

अंगद,

पत्र पोचलं. दोन येळा वाचलं, कोणाला दाखवलं नाय. फिल्टरचं मला काय समजलं नाय. तांब्याचं समजलं.

राग व्हता. अजून थोडा हाये, जाईल. चौथ्या दिशी कळलं तर चौथ्याच दिशी सांगायचं, येड्या.

तुला एक ठावं नाय. आमच्या आळीतली बारकी लेकरं मीच न्हाऊ घालते, किती वर्षं झाली. तुझ्याकडून आले तवापासून कोणाच्या लेकराला हात लावला नाय. शेजारच्या रत्नमालाला पोरगी झाली, महिना झाला. तिची सासू रोज बोलवायला यायची. मी म्हणायची, कंबर दुखती. कंबर काय दुखत नव्हती.

आज गेले. पाणी तापवलं, पोरीला पायावर घेतलं, तेल चोळलं. लई रडली. मग दूध पिली अन् झोपली. ती उठंस्तवर मी तिथंच बसून व्हते. उठली.

तुझी
साळूअक्का