खात्याची मुदत

३ जून

काष्टीला पोचलो. जागा आवडली. वजनकाट्याची केबिन स्वच्छ आहे, खिडकीतून अख्खा काटा दिसतो. मागे राहायला खोली, दारात कडुलिंबाची सावली. धाकटा भाऊ अँड्र्यू गेल्या महिन्यात याच काट्यावर मागे येणाऱ्या ट्रकखाली गेला. त्याची नोकरी मालक सहादेवरावांनी मला देऊ केली. म्हणाले, मास्तर, तुमी शाळेत कॉम्प्युटर शिकवत हुता, आमचा तेवढा उघडून द्या, कांद्याच्या गाड्या ताटकळल्यात. पासवर्ड फक्त अँड्र्यूला ठाऊक होता. त्याची बायको मरियम दुपारी डबा घेऊन आली. आमटी खारट झाली का, एवढंच तिनं विचारलं. झाली होती. मी नाही म्हणालो.

४ जून

पेनड्राइव्ह लावून लॉगिनच्या पडद्यावर आदेश द्यायची काळी खिडकी उघडली. ‘नेट युजर’, पुढे अँड्र्यूचं नाव, मग चांदणीचं चिन्ह. नवा पासवर्ड दोनदा टाकायचा, टाकताना अक्षरं दिसत नाहीत. आदेश पूर्ण झाला, तरी मशीन आत घेईना. खात्याची मुदत संपली आहे, म्हणे. चांदणी गाळून तोच आदेश दिला, तेव्हा खात्याची सगळी माहिती आली. मुदत १४ मे.

अँड्र्यू गेला तो दिवस. त्यानंतर मशीन कुणालाच उघडता आलेलं नाही. म्हणजे तारीख आधीच घातलेली होती.

मी मुदत ‘कधीच नाही’ अशी केली. मशीन उघडलं.

६ जून

सहादेवरावांना तारखेबद्दल विचारलं. हसले. म्हणाले, मला निस्तं बटन दाबाया येतं, तेबी कवाकवा चुकतं. पण केबिनची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते.

मी माझं वेगळं खातं केलं. बाजाराच्या दिवशी मरियम पावत्या काढायला बसायची, तिचंही एक आहे, पण पासवर्ड अँड्र्यूच टाकून द्यायचा. सगळी खाती तपासली. मरियमची मुदत १२ जून. ही कुणी घातली?

८ जून

मरियमची तारीख काढली. जेवून आलो तर तीच तारीख माझ्या नावापुढे. माझी काढली, ती पुन्हा मरियमपुढे गेली. इंटरनेटची वायर उपटली. कुलूप बदललं, किल्ली खिशात ठेवली. मालक म्हणाले, भावाच्या दुःखानं तुमचं डोकं लई तापलंय, चार दिवस घरी पुणतांब्याला जाऊन या. मला घालवायची यांना एवढी घाई का?

१० जून

अँड्र्यूच्या खात्याला १४ मे परत घालून पाहिली. आदेश पूर्ण झाला, असं आलं. पुन्हा पाहिलं तर ‘कधीच नाही’. खाली शेवटच्या लॉगिनची वेळ होती. आजची. मी समोर चहाला गेलो होतो तेव्हाची. कुलूप जसंच्या तसं होतं.

आणि सहादेवराव माझ्या शेजारी बसून चहा पीत होते.

११ जून

मरियमला सांगितलं, उद्या काट्याकडे येऊ नकोस. कारण सांगता येईना. ती म्हणाली, भाऊजी, जायच्या आदल्या दिवशी हे बी असंच म्हणले हुते.

म्हणजे १४ मे आधी तिच्या नावावर होती. अँड्र्यूनं ती स्वतःवर घेतली —

आणि मी ती काढली. म्हणून तिची पुन्हा आली, आणि त्याचं खातं आता कधीच संपत नाही.

१२ जून

तारीख मरियमच्या नावापुढे. सकाळपासून काढतो आहे, परत येते —

ती आलीच. डबा घेऊन काट्यावरून चालत. मागून ट्रक. हाक मारली, ऐकू जात नाही —

माझ्या नावापुढे आजची घातली. आदेश पूर्ण. ट्रक थांबला. तिच्यापासून हातभर.

ड्रायव्हर उतरला. तिची माफी मागतो आहे. ती डबा उचलते आहे. बरं वाटलं. आता ती इथून जाईल, मग मी माझी तारीख —

ट्रक सुरू झाला. मागे येतो आहे, केबिनकडे. ड्रायव्हर खालीच उभा आहे. ओरडतो आहे.

ट्रकच्या आरशात स्टिअरिंगवरचा हात दिसतो. पांढरी बाही. हा सदरा मीच अँड्र्यूला घातला होता, पुरायच्या आधी —