हिरवा ठिपका

३ नोव्हेंबर, सोमवार
आले बाई एकदाची पुंडलिकनगरात. नात मेघा इथं एकटीच राहती. पोरगा म्हणला, मेंढरं राखून झाली, आता नात राख. घर झकास हाय. नळाला पाणी, खिडकीत ऊन. शेजारीण सत्यभामा चहात साखर टाकताना हात आखडती, पण बोलायला गोड. ही वही मेघानं दिली. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं गंजतील, रोज लिहीत जा म्हणली.

तिची कंपनी चितेगावला, पण ही जाती कुठं? बेडरूममध्ये बसून कंपनी चालवती. कागदाची कपाटं भंगारात घातली म्हणं. समद्या फायली आता कॉम्प्युटरात, ज्यानं त्यानं आपल्या घरून उघडायच्या. आत कोण बसलंय ते नावापुढच्या हिरव्या ठिपक्यावरनं कळतं.

५ नोव्हेंबर, बुधवार
कुलूप लई कडक. मेघानं कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला की मोबाइल थरथरतो, इचारतो, तुम्हीच का? ‘होय’ दाबलं की आत घेतो. मोबाइल चार्जिंगला माझ्यापाशी, स्वैपाकघरात. तवा होय दाबायची नोकरी मला लागली. बिनपगारी.

मी तिला म्हणलं, मेंढवाड्यावर आम्ही पहिल्या हाकेला ओ देत नाय. माणूस असलं तर पुन्हा हाक मारतं. ते दुसरं असलं तर एकदाच, आन् ओ दिली की माणूस त्याचं झालं. तुझा मोबाइल एकाच हाकेत ओ मागतो. भवानी खिदळत बसली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मेघाच्या आधी ह्या जागेवर सुलेखा नावाची पोरगी होती. तीबी घरनं काम करायची. कामावर बसल्या बसल्या जीव गेला. ठिपका हिरवा, म्हणून कंपनीला दोन दिस वाटलं, पोरगी कामात हाय. कुणी हाक मारून बघितलं नाय. मुडद्यांनो, एक कोकरू कमी भरलं तर आम्ही रान पालथं घालतो!

आज मेघाला फायलीत त्या सुलेखाचं नाव हिरवं दिसलं. खातं बंद करायचं राहिलं आसंल म्हणली. त्रिंबक म्हणून तिचा साहेब हाय, त्यानं दुपारी बंद केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मेघा शहागंजला गेली, मोबाइल इथंच विसरली. मी भाकरी थापत होते. मोबाइल थरथरला. तुम्हीच का? पिठाच्या बोटानं होय दाबलं.

मग भाकरी तव्यावरच करपली. मेघा बाजारात. कॉम्प्युटर मिटलेला.
मग आत घे म्हणलं कुणी?

१२ नोव्हेंबर
मेघाला सांगितलं. भडकली. भडकणारच. कॉम्प्युटर उघडला तर फायलीत ‘मेघा’ आधीच हिरवी. अक्षरं उमटत होती, आन् ही हात मांडीवर घेऊन बसलेली. त्रिंबकसाहेबाला फोन लावला. तो म्हणला, अहो आत्ताच तर बोललात. चेहरा दिसत होता तुमचा.

१३ नोव्हेंबर
कॉम्प्युटर मेघाला घेईना. तुम्ही आत आहात म्हणतो. सुनेचा फोन आला, सकाळी लेक किती गोड बोलली म्हणं. मेघा बोललीच नव्हती.
ठिपका हिरवा हाय तोवर माझ्या मेघाला शोधणार कोण?

१४ नोव्हेंबर
मेघा मोबाइल घेऊन चितेगावला गेली. साहेबाच्या समोर उभी राहते म्हणली. मी आतनं कडी घातली.

दुपार— बेडरूममध्ये कॉम्प्युटरच्या कळा वाजतायत. बघितलं. मेघा. पाठमोरी, तीच वेणी. कधी आलीस, इचारलं. नुसती हूं म्हणली. जेवण नको म्हणली.
कडी तशीच हाय.

दिवस कलला. दारात हाक. आजे. आवाज मेघाचा. मी ओ नाय दिली. आतली म्हणली, उघडू नको, ती सुलेखा हाय. खरं वाटलं मला—

पुन्हा हाक. आजे, कडी काढ की गं, पाय मोडले माझे.
दुसरी हाक. दुसरी—

आत कळा थांबल्या. खुर्ची सरकली. उठते मी, कडी—
आतनं हाक आली. आजे.
एकदाच. लई मायेनं. माझ्या तोंडातनं ओ